उन्हाळी सुट्टीत अमेरिका-कॅनडातून गावी यायचंय? शहापूर-मुरबाडच्या कुटुंबांसाठी तिकिटाची माहिती

शहापूर, वासिंद, किन्हवली, मुरबाड, सरळगाव या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांचं परदेशाशी नातं म्हटलं की पहिलं नाव आखाताचं येतं. दुबई, कुवेत, दोहा, दम्माम. तिथून मुंबई तीन-चार तासांवर. घरात काही बरं-वाईट झालं तर रात्री निघालेला माणूस सकाळी नाश्त्याला दारात उभा असतो. अमेरिका किंवा कॅनडात स्थायिक झालेल्यांचं तसं नाही. न्यूयॉर्कहून थेट विमान मिळालं तरी चौदा-पंधरा तास, मधे विमान बदलायचं असेल तर वीस ते तीस तास. आणि तिकीट असं की आई-बाप आणि दोन मुलं मिळून यायचं म्हटलं की वर्षभराची बचत एका फटक्यात जाते. मग "पुढच्या वर्षी नक्की येऊ, इन्शाअल्लाह" असं म्हणत तीन-चार वर्षं निघून जातात. नातवंडं दादीला फक्त मोबाइलच्या पडद्यावर ओळखतात.

हा लेख तिकडच्यांसाठी आहे तसाच इकडच्या घरच्यांसाठीही आहे. कारण इतकी वर्षं नातेवाइकांची तिकिटं शोधून देताना आमच्या एक गोष्ट लक्षात आली. तिकीट स्वस्त पडणार की महाग, हे वेबसाइट ठरवत नाही, एजंटही ठरवत नाही. ते तारखेवर ठरतं. आणि ती तारीख अर्धी गावातच ठरते.

तारीख आधी, तिकीट नंतर

अमेरिकेतून भारताकडे येणाऱ्यांची मोठी गर्दी शाळा सुटल्या सुटल्या होते. टेक्सास, जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुटतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्कमध्ये जूनचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. टोरंटोत जून संपता संपता. म्हणजे मेच्या शेवटापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भारताकडे येणारं विमान सर्वांत महाग. जुलैच्या उत्तरार्धात हा ओघ कमी होतो.

परतीचं गणित वेगळं आहे, आणि इथेच बरेच जण फसतात. ऑगस्टमध्ये भारतातून हजारो विद्यार्थी अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठांकडे निघतात. त्याच दिवसांत सुट्टीवर आलेली कुटुंबंही परत निघतात. त्यामुळे ऑगस्टचे पहिले तीन आठवडे मुंबईहून तिकडे जाणारी विमानं गच्च असतात. जूनच्या शेवटी यायचं आणि ऑगस्टच्या मध्याला जायचं, म्हणजे दोन्ही टोकं सर्वांत महाग. बहुतेक लोक नेमकं हेच करतात.

दोन्ही टोकं हलवता आली नाहीत तरी एक हलवा. जूनमध्ये शाळा सुटताच या आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत जा. किंवा उशिरा, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात या आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत राहा. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत शाळा साधारण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तिकडच्या कुटुंबांना ऑगस्टच्या अगदी अखेरीस परतण्याची सोय आहे. टेक्सासवाल्यांना ती नाही, त्यांच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत त्यांनी तर जून-जुलैचा नादच सोडावा. सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे त्यांचे महिने. तिकिटामागे ३०० डॉलर वाचले तरी चौघांचे १,२०० होतात.

आता गावाची बाजू. आपल्याकडे निकाह बहुतेक एप्रिल-मेमध्ये काढतात, पाऊस लागायच्या आत. मांडव उघड्यावर, पाहुणे लांबलांबचे, सगळं बरोबर. पण मेच्या मध्याला निकाह ठेवला की न्यू जर्सीचा भाऊ एकटा येतो, बायको-मुलं तिकडेच राहतात. तारीख धरताना अमेरिकेतल्या मुलांच्या शाळेचं कॅलेंडर कुणी विचारतच नाही. आमचं म्हणणं एवढंच की बहिणीच्या लग्नाला भावाने सहकुटुंब यावं असं वाटत असेल तर हॉल बुक करण्याआधी त्याला फोन करा. हॉलमध्ये लग्न असेल तर जुलैच्या अखेरीचा पाऊस काही आड येत नाही. इस्लामी महिनाही बघून घ्या. काही घरांत मोहरममध्ये निकाह ठेवत नाहीत, तिथे तो प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

मेमध्ये येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भातसा, तानसा यांसारखी धरणं शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि तालुक्यातल्या कितीतरी गाव-पाड्यांवर मे-जूनमध्ये टँकर. घरात सहा माणसांचं पाणी पुरवताना नाकी नऊ येत असताना आणखी चार पाहुणे, त्यातली दोन रोज शॉवरची सवय असलेली मुलं, हे घरच्या बाईला विचारून ठरवावं. ती नाही म्हणणार नाही, पण विचारावं.

ईदचं काय?

बऱ्याच जणांना बकरी ईद गावी करायची असते. २०२३ साली आपल्याकडे बकरी ईद २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला. दोन्ही वर्षी अमेरिकेतल्या सुट्टीच्या आसपास. २०२५ ला ती ७ जूनवर आली. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे २०२६ ला ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात गेली आणि तिथून पुढे आणखी मागे जाणार. उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात तेव्हा शाळा चालू असतात. म्हणजे पुढची बरीच वर्षं बकरी ईद आणि मोठी सुट्टी एकत्र येणार नाहीत. ईदसाठीच यायचं असेल तर शाळा बुडवावी लागेल. ईदचा आग्रह सोडला तर तारखा मोकळ्या होतात आणि तिकीट उतरतं. रमजान ईद मात्र हळूहळू हिवाळ्यात सरकते आहे. २०३३ च्या सुमारास ती डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत येईल, पण त्या सुट्टीत तिकिटं उन्हाळ्याइतकीच महाग असतात.

तिकीट शोधताना

उन्हाळ्याचं तिकीट डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान काढलेलं बरं, असा आमचा अनुभव. एप्रिलनंतर भाव बहुधा चढतातच. गुगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता असतो. त्यात जायची आणि यायची तारीख दोन-तीन दिवस मागे-पुढे करून पाहिली की फरक लगेच दिसतो. भाव हलला की ईमेल येईल अशी सोयही तिथे आहे. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त होतं, किंवा दोनदा शोधलं की मुद्दाम भाव वाढवतात, या गोष्टींमागे वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा असेल तर यात घाला. विमानात इकॉनॉमीची सगळी आसनं एकाच भावाची नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते आणि स्वस्त गटातली आसनं संपली की वरच्या गटाचा भाव लागतो. तुम्ही चौघांसाठी शोधलं आणि स्वस्त गटात तीनच आसनं उरली असतील तर संगणक चौघांनाही महाग भाव दाखवतो. म्हणून एकदा एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. फरक मोठा असेल तर दोन बुकिंग करता येतात. पण प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस हवंच, आणि दोन्ही बुकिंग एकमेकांशी जोडायला कंपनीला फोन करा. नाहीतर विमान रद्द झाल्यावर बाप एका विमानात आणि आई दुसऱ्या विमानात, असं होऊ शकतं.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर असेल तर बऱ्याच कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के आणि कर घेतात. परतीच्या आधी मुलाला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतीला वेगळं आसन घ्यावं लागतं. वाढदिवस बघून तारीख धरा.

जवळचे विमानतळही सगळे तपासा. न्यू जर्सीवाल्यांना नेवार्क, जेएफके आणि फिलाडेल्फिया तिन्ही गाडीने गाठता येतात. आणि अमेरिकेतला एक नियम लक्षात ठेवा. विमान कंपनीकडून थेट तिकीट काढलं आणि उड्डाणाला सात दिवसांहून जास्त अवकाश असेल, तर २४ तासांच्या आत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात. म्हणजे चांगला भाव दिसला की आधी तिकीट धरायचं आणि रात्रीत घरी फोन करून सगळ्यांना विचारायचं. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला हा नियम लागेलच असं नाही.

एजंट वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. न्यू जर्सीतला ओक ट्री रोड, शिकागोतला डेव्हन अव्हेन्यू इथल्या देशी एजंटांकडे कंपन्यांनी घाऊक दिलेली तिकिटं असतात आणि ती कधीकधी खरंच स्वस्त पडतात. फक्त पैसे दिल्यावर हातात काय आलं ते बघा. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवली आहे, एवढंच. तिकीट निघालं की तेरा आकडी नंबर मिळतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, कतार एअरवेजचे १५७, एमिरेट्सचे १७६, सौदियाचे ०६५. तो नंबर मागा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. एजंट "उद्या देतो, परवा देतो" करू लागला तर सावध व्हा.

रस्ता कुठला धरायचा

मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला एअर इंडियाचं जेट विमान पहिल्यांदा १४ मे १९६० ला गेलं. आज मार्ग पुष्कळ आहेत. एअर इंडियाचं थेट विमान, दुबई-दोहा-अबू धाबीचा आखाती मार्ग, लंडन-फ्रँकफर्ट-पॅरिसचा युरोपी मार्ग, इस्तंबूल, जेद्दाह. थेट विमान सहसा महाग, पण म्हाताऱ्या आई-वडिलांना एकटं पाठवायचं असेल तर तिथे पैसे वाचवू नका. एमिरेट्सची दोन विमानं अमेरिकेतून अटलांटिक ओलांडून आधी युरोपात थांबतात, नेवार्कहून अथेन्सला आणि जेएफकेहून मिलानला, आणि मग दुबईला येतात. लोक थेट दुबईच्या विमानाकडेच बघतात, म्हणून यांचे भाव वेगळे काढून पाहावेत. अबू धाबीला परतीच्या वाटेवर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, मुलं झोपेला आलेली असताना न्यूयॉर्कच्या रांगेत उभं राहायला नको.

दिल्लीमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर सामानाचा हिशेब करा. अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याचदा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात. दिल्ली-मुंबई तिकीट वेगळं काढलं तर देशांतर्गत साधारण १५ किलोच. उरलेल्या किलोंचे पैसे भरताना वाचलेलं सगळं तिथेच संपतं. एकाच तिकिटावर असलात तरी दिल्लीत बॅगा घेऊन कस्टममधून जाऊन पुन्हा द्याव्या लागतात. मधे तीन तास तरी ठेवा.

वेगवेगळी दोन तिकिटं जोडून प्रवास करणं हा सर्वांत मोठा मोह. आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. भाच्याने अमेरिका ते युरोप एक तिकीट आणि युरोप ते मुंबई दुसऱ्या कंपनीचं दुसरं, असं काढलं. चारशे डॉलर वाचवले म्हणून खूश होता. पहिलं विमान पाच तास उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलेलं. पहिली कंपनी म्हणाली आम्ही तुम्हाला इथपर्यंत आणलं, दुसरी म्हणाली तुम्ही वेळेवर आला नाहीत. काउंटरवर नवीन तिकिटं घेतली, वाचले त्याच्या तिप्पट गेले. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. २३ जून २०२५ ला इराणच्या हल्ल्यामुळे कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली तेव्हा हा फरक कितीतरी प्रवाशांनी अनुभवला. त्याच जूनमध्ये अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर एअर इंडियाने मोठ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या काही काळ १५ टक्के कमी केल्या. आधी त्याच वर्षी एप्रिलपासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली होती आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं लांबली होती. उन्हाळ्यात असं काही ना काही होतंच.

परतीच्या तिकिटातला एखादा टप्पा सोडू नका. मधला टप्पा चुकवला की पुढचे सगळे आपोआप रद्द होतात.

जेद्दाहमार्गे येणाऱ्यांना एक जास्तीचा लाभ आहे. सौदिया न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि टोरंटोहून उडते. जानेवारी २०२३ पासून सौदी अरेबियाने तिकिटाबरोबर ९६ तासांचा स्टॉपओव्हर व्हिसा सुरू केला, आणि त्यावर उमराह करता येतो. व्हिसाचे पैसे नाहीत, विम्याचे थोडे लागतात. वाटेतच उमराह होत असेल तर घरच्या ज्येष्ठांच्या दृष्टीने या तिकिटाची किंमत वेगळीच. हजच्या दिवसांत ही सोय नसते, हज उरकल्यावर उमराह पुन्हा सुरू होतो. नुसुक ॲपवर परवानगी घ्यावी लागते. जून-जुलैची मक्केतली उष्णता लहान मुलांना सोसवेल का, याचा विचार करून ठरवा. हॉटेलचा खर्चही हिशेबात धरा.

युरोपी विमानात हलाल जेवण हवं असेल तर निदान २४ तास आधी नोंदवा.

कागद आधी तपासा

न परतणारं स्वस्त तिकीट काढलं आणि मग कळलं की मुलाचा ओसीआय नाही, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं. अमेरिकन किंवा कॅनेडियन पासपोर्टच्या मुलांना ओसीआय किंवा भारताचा ई-व्हिसा लागतो. वीस वर्षांखालच्यांचा पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा असतो, त्याला पैसे पडत नाहीत. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे नागरिक होते अशी घरं असतील तर ओसीआय मिळत नाही आणि व्हिसालाही वेळ लागतो. त्यांनी तिकिटाच्या कितीतरी आधी सुरुवात करावी.

एच-वन-बी वाल्यांनी अधिक सावध राहावं. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीचा नियम वाढला आणि मुंबईसह भारतातल्या वकिलातींनी आधी दिलेल्या मुलाखती पुढे ढकलल्या. सुट्टीवर आलेले लोक महिनोन् महिने अडकले, नोकऱ्या तिकडे, माणसं इकडे. पासपोर्टमधला शिक्का संपला असेल तर स्वस्त तिकिटाआधी वकिलाला विचारा. शिक्का संपलेला आणि हातात फक्त मंजुरीचा कागद असेल तर युरोपातल्या काही विमानतळांवर ट्रान्झिट व्हिसाचीही अडचण येते. आखाती मार्गावर विमानतळाच्या आतच राहायचं असेल तर ती येत नाही.

हे सगळं चालू ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्यात मयत थांबवून ठेवत नाहीत. जोहरच्या आधी खबर गेली तर असरपर्यंत दफन होतं. न्यू जर्सीचा मुलगा कितीही धावला तरी जनाजा त्याला मिळत नाही. पण आई दवाखान्यात आहे असा फोन आला तर तो पोचू शकतो. तेव्हा तिकिटाचा भाव बघायला वेळ नसतो. म्हणून क्रेडिट कार्डाचे आणि विमान कंपन्यांचे पॉइंट उन्हाळ्याच्या सहलीवर उडवू नका असं आम्ही सांगतो. शेवटच्या क्षणी रोख तिकीट दुपटी-तिपटीवर जातं, पॉइंटवरची आसनं उरलेली असतील तर ती तेवढी वाढलेली नसतात. ओसीआय, पासपोर्ट, व्हिसा चालू ठेवा आणि पॉइंट राखून ठेवा.

विमानतळ ते घर

मुंबईच्या टी-टू वरून शहापूर किंवा मुरबाड सत्तर-ऐंशी किलोमीटर. परदेशातून येणारी बरीच विमानं मध्यरात्री उतरतात. आठ बॅगा घेऊन कसारा लोकलने आसनगावला उतरायचा विचार करू नका, मुरबाडला तर रेल्वेच नाही. गावातलीच मोठी गाडी परतीच्या भाड्यासह ठरवा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचे पाच टोल हलक्या वाहनांना माफ आहेत. ड्रायव्हर मुलुंडच्या टोलचे पैसे सांगत असेल तर ते देऊ नका, पुढे नाशिक महामार्गावर पडघ्याचा टोल मात्र आहे.

दिल्लीमार्गे तिकीट असेल तर त्यावरचा विमानतळाचा कोड बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावर देशांतर्गत विमानं सुरू झाली आहेत. बीओएम म्हणजे जुनं मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. गाडी एका विमानतळावर आणि माणसं दुसऱ्या, असं होऊ देऊ नका. परतीला एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर त्या मधल्या रस्त्याला मुंबईच्या गर्दीचा वेळ धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये परत जाणाऱ्यांनी एक रात्र हातात ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात उल्हास नदीवरच्या रायता पुलाचा रस्ता खचला आणि कल्याण-मुरबाड वाहतूक बंद पडली. भिवंडी बायपासला पावसात दोन-तीन तास सहज जातात. मुरबाडकरांनी आदल्या दिवशी कल्याण, मुंब्रा किंवा कुर्ल्याच्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा. शहापूरकरांनी निदान सहा तास आधी घर सोडावं, आणि पासपोर्टची पिशवी टपावरच्या सामानात नाही, हातात ठेवावी.